खडूचं घर आणि आईचे गुडघे

...आणि वर बायको मलाच विचारते, "तू आधी का नाही बोललास?" अहो, कधी बोलणार? आमच्या डिझायनरबाई श्वास घ्यायला थांबतील तेव्हा ना! तुम्हाला सांगतो, आयुष्यात एकदाच घर बांधतोय, तेही जपानी धर्तीचं. बाई म्हणाल्या, "सर, आतल्या भिंतींऐवजी कागदी सरकती दारं?" मी 'हो' म्हटलं. "पलंग नको, जमिनीवर गादी?" मी 'हो' म्हटलं. "आणि खुर्च्या तर अजिबातच नकोत, खोली नुसती भरून जाते हो!" बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी... 'हो' म्हटलं!

घरी आलो आणि मग आठवलं. आईचे दुखरे गुडघे! अहो, घर बांधतोय कुणासाठी? बाबा गेल्यापासून एकटी राहते, तीन वर्षं विनवण्या करतोय, "ये ना आमच्याकडे," तर तिचं आपलं, "बघू." आत्ता कुठे म्हणाली, "आधी घर दाखव, मग ठरवते." आणि दाखवायचं काय? बिनखुर्चीचं घर! जेवण जाईना हो मला.

बरं, बाईंची पद्धत अशी, की भिंती चढायच्या आधी मोकळ्या जोत्यावर अख्खं घर खडूनं आखायचं, खऱ्या मापाचं, आणि तासभर त्यात राहून बघायचं. आई आली. खडूच्या दारात चपला काढल्या, नसलेलं दार अलगद सरकवलं, आणि मी "आई, नको, नको!" म्हणेपर्यंत बुटक्या टेबलाच्या चौकोनाशी मांडी घालून... बसली! आणि व्हायचं तेच झालं, उठता येईना! एका हाताला मी, दुसऱ्या हाताला तिथे मापं घ्यायला आलेला सुतार, मागून बायको, "एक, दोन, तीऽऽन..." मी घामाघूम. म्हटलं, संपलं, आता ही या घराचं नाव काढत नाही! "बाई, हात जोडतो, एक खुर्ची टाका हो!"

तर आई म्हणते कशी, "खुर्ची कशाला? खुर्ची काय हाक मारली की येते? तिकडे अख्खा दिवस कुणी हात देत नाही मला, इथे तिघं धावलात. येते मी राहायला. पण रोज उठवायला तूच हवास हं!"

बाई तर जाम खूश! टेबलाशेजारी खडूनं एक गोल काढला, म्हणाल्या, "सर, ही तुमची जागा. कायमची. चालेल?"

काय सांगू तुम्हाला... मी 'हो' म्हटलं.