तापीचा संसार

मंडळी,

दाजी, लोधीपुऱ्यातली सगळी ओळखीची माणसं, फोपनारहून गाड्या जोडून आलेले पाहुणे, आणि तिथे खांबाला टेकून बसलेली तापीची कुसुम.

मी पुण्याकडे मुलींना शिकवते. रोज बोलणं हेच माझं काम. आज मात्र मी ठरवून आले होते की तापीबद्दल चार बरे शब्द बोलायचे आणि खाली बसायचं. शोकसभेत तेवढंच करायचं असतं. पण माझ्याआधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला. तापीबाईंनी संसार नेटका केला. तापीबाईंचा संसार म्हणजे नमुना. संसार कसा पाहावा, ते तापीबाईंकडून शिकावं.

तो शब्द ऐकला, आणि माझे चार बरे शब्द गेले.

तुम्ही चुकीचं बोलला नाहीत. तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच. या शब्दानं तापीचं काय केलं, ते सांगायला आता मी एकटीच उरले आहे. म्हणून सांगते. राग आला तर येऊ द्या.

ही सभा ज्या खोलीत भरली आहे, तोच आमचा मॅट्रिकचा वर्ग. त्या खिडकीखाली एक आखूड बाक होता. मुलांच्या शाळेत मुली आम्ही दोघीच, म्हणून तो बाक आमच्यासाठी वेगळा काढलेला. तापी इथलीच बुऱ्हाणपूरची, पलीकडच्या गल्लीतली. तिच्या वडिलांचं जरीचं दुकान होतं. माझे वडील पोस्टात होते, नाशिककडून बदलून आलेले. तिच्या घरात मराठी चालायची, ओट्यावर हिंदी, आणि भांडण दोन्हींत. माझ्या घरी आई एक शब्द वाकडा पडू द्यायची नाही. एवढाच आमच्यातला फरक, मंडळी. बाकी गणितात ती पुढे, इंग्रजीत ती पुढे, आणि भूगोलात तर विचारूच नका.

मास्तर नकाशावर काठी फिरवायचे. तापी नदी इथून निघते, बुऱ्हाणपुरावरून जाते, सुरतेपाशी समुद्राला मिळते. समुद्र आला की सगळा वर्ग मागं वळून हिच्याकडे बघून हसायचा. ही म्हणायची, "हसा, हसा. मी जाईनच."

आणि जायची वाट निघालीही. पुण्याकडच्या एका मुलींच्या कॉलेजात वसतिगृहासकट फुकट शिक्षणाची एक जागा होती. बाहेरगावच्या मुलीसाठी. आधी अर्ज, मग मुलाखत. मास्तरांनी आम्हा दोघींचे अर्ज धाडले. तापीच्या वडिलांनी तिला ओट्यावर बसवून सांगितलं, "यंदा नंबर लागला तर जा, मी ना नाही म्हणत. नाही लागला तर पुढची बात नको. मार्गशीर्षात उजवून टाकतो." ती "हो" म्हणाली. नंबर लागणार नाही, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. कोणाच्याच नाही.

मास्तरांना मात्र एक धास्ती होती. आपली भाषा. शाळा सुटली की आम्हाला याच बाकावर बसवून ते तापीची उजळणी घ्यायचे.

"कॉलेजात काय घ्यायचं आहे?"

"उच्च शिक्षा."

"अगं शिक्षा नाही, शिक्षण! तिकडे शिक्षा चोराला होते. तू म्हणालीस तर तुलाही करतील."

"बरं. शिक्षण."

"अभ्यास जमेल का?"

"पूर्ण चेष्टा करीन."

मास्तर कपाळाला हात लावायचे. "चेष्टा म्हणजे थट्टा गं बाई. प्रयत्न म्हण, प्रयत्न."

ती हसून हसून बाकावर पडायची. "मास्तर, तिकडचे लोक शिक्षेला भितात आणि चेष्टेवर रुसतात. मले तर तेच लोक अजीब वाटतात." पण ती शिकली. प्रत्येक शब्द घासून पुसून घेतला तिनं. मले, तुले सोडलं. 'काहून' टाकून 'का' घेतलं. 'जल्दी' सोडलं. घरातही मला, तुला म्हणायला लागली. तेव्हा तिची आजी म्हणाली, "ही पोरगी आतापासूनच परकी झाली वं."

माझे वडील आम्हा दोघींना घेऊन गेले. मोठी खोली, लांब टेबल, पलीकडे दोन गृहस्थ आणि एक बाई. एकेकीला आत बोलावलं. मला विचारलं, कॉलेजात कशासाठी यायचं आहे? मी आईनं पाठ करून घेतलेलं उत्तर दिलं. ज्ञानार्जनासाठी. त्यांनी माना डोलावल्या. ज्ञानार्जन म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उच्चार तेवढा स्वच्छ होता.

तापी आत गेली. दार बंद झालं. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. मोठं, मोकळं हसणं. मला वाटलं, झालं. जागा हिचीच.

ती बाहेर आली ती उजळून.

परतीच्या गाडीत तिनं सगळं सांगितलं. तिलाही तोच प्रश्न विचारला होता. तिच्या मनात होतं दुनिया. मला दुनिया पाहायची आहे. पण दुनिया हा तिला बाजारातला शब्द वाटला. टांगेवाला बोलतो तसला. एवढ्या मोठ्या माणसांसमोर कसा बोलायचा? म्हणून क्षणभर थांबून तिनं चांगला, शुद्ध, संस्कृत शब्द शोधला. देवळात कथा सांगायला उत्तरेकडचे पंडित येत, त्यांच्या तोंडचा. सारा संसार. आणि ती म्हणाली, "मला संसार पाहायचा आहे."

ते हसले. त्या बाई म्हणाल्या, "मग बाळ, त्यासाठी कॉलेजात कशाला यायला हवं?"

ही म्हणाली, "शिकल्याशिवाय संसार कळत नाही, असं आमचे मास्तर सांगतात."

ते आणखी हसले. एक गृहस्थ म्हणाले, "मोठी गोड मुलगी आहे."

"काका, ते माझ्यावर लई खूश झाले," ती माझ्या वडिलांना सांगत होती.

माझे वडील नाशिकचे. त्यांच्याही ओठांवर हसू आलं. मग ते तिथंच थांबलं. त्यांनी विचारलं, "पोरी, तू संसार म्हणालीस? तिथं?"

"हो काका. संसार. म्हणजे दुनिया. पूरी दुनिया."

वडील खिडकीबाहेर बघायला लागले. तापीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला सांगावं लागलं नाही. शब्दांची एवढी उजळणी केलेली मुलगी ती. तिनं हळूच विचारलं, "तिकडं संसार म्हणजे नुसती चूल ना?"

उत्तर आलं तेही सभ्य होतं. मुलगी हुशार आहे, परंतु तिचा ओढा गृहसंसाराकडे दिसतो, तरी जागा दुसऱ्या मुलीला देणे योग्य वाटते. दुसरी मुलगी म्हणजे मी. मास्तरांनी उलट लिहिलं. आमच्या गावात या शब्दाचा अर्थ असाही होतो, मुलीला जग म्हणायचं होतं, कृपा करून पुन्हा एकदा विचारा. वडिलांनीही लिहिलं. उत्तर आलं नाही. ज्यांना बुऱ्हाणपुरापासून सुरतेपर्यंत एकच नदी दिसते, त्यांना तिच्या काठानं शब्द कसा बदलत जातो, ते ऐकायला वेळ नव्हता. मुलगी काय म्हणाली, ते त्यांनी ऐकलं. मुलगी कोण आहे, ते कोणी विचारलं नाही.

मी गेले. मी शिकले. मला त्याची लाज नाही, मी काही हिसकावून घेतलं नव्हतं. पण गोड लागलं असंही म्हणणार नाही. मार्गशीर्षात तापी फोपनारला गेली.

दाजी, तुम्ही पुढंच बसला आहात. तुमच्याबद्दल वाईट बोलायला मी आले नाही. तुम्ही तिच्यावर कधी हात उचलला नाहीत, तिला कधी कमी पडू दिलं नाहीत. हे तिनंच मला सांगितलं. तिनं एवढंही सांगितलं की लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, मुंबई दाखवा, समुद्र पाहायचा आहे. तुम्ही म्हणालात, कपाशीची वेचणी झाली की जाऊ. वेचणी झाली. दर वर्षी झाली. तुम्ही खोटं बोलला नाहीत. नुसते विसरलात. ती मुलाखतीला गेली होती, तो तिचा सगळ्यात लांबचा प्रवास राहिला. त्या टेबलापर्यंत आणि परत.

आणि आज इथं उभं राहून सगळे सांगताहेत, तापीबाईंनी संसार पाहिला! हो, पाहिला. त्या तिघांनी तिला जो संसार बहाल केला, तोच पाहिला. एका शब्दाचे दोन अर्थ होते, मंडळी. तिनं एक मागितला. आपण सगळ्यांनी मिळून तिला दुसरा दिला, आणि वर हार घालतो आहोत.

मी कोणावर चिडले आहे, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या टेबलापलीकडच्या लोकांवर आहेच. स्वच्छ उच्चाराला अक्कल समजणाऱ्या सगळ्यांवर आहे. त्यांच्यात मी आयुष्य काढलं. पण काल जे ऐकलं, त्यानं जास्त जळले.

काल तेराव्याचं जेवण झालं. ओसरीवर पानसुपारी चालली होती. मी आत होते. बाहेर बोलणं निघालं, कुसुमचं वर्षाच्या आत उरकून टाकलेलं बरं. नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल. कोणीतरी म्हणालं, "स्थळ मी सांगतो." कोणीतरी म्हणालं, "पोरगी एकदा संसाराले लागली की फिकर नाही."

तेराव्याच्या दिवशी. तिच्या ओसरीवर. तोच शब्द.

कुसुमनं यंदा मॅट्रिक दिली आहे, हे इथं बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. पास झाली आहे. तिला शिकवलं कोणी? तापीनं. चुलीपाशी बसवून. कपाशीच्या गंजीशेजारी बसवून. माझ्या कॉलेजाला तिचा अर्ज गेला आहे आणि परवा तिची मुलाखत आहे. हे दाजींना ठाऊक आहे. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मागच्या महिन्यात मी तापीला भेटायला आले होते. खाटेवर होती, उठवत नव्हतं. कुसुम पायथ्याशी बसलेली. मला वाटलं, सेवा करते आहे. जवळ गेले तर तापी परीक्षा घेत होती. मुलाखतीतल्या त्या बाईंसारखा चेहरा करून, नाक वर करून.

"कॉलेजात कशाले यायचं तुम्हाले?"

"आई, त्या असं नाही विचारणार."

"त्या कशाही विचारतील. तू बोल."

"मला जग पाहायचं आहे."

"फिरून म्हण."

"जग."

मग माझ्याकडे बघून तापी म्हणाली, "अवं, दोन्हीकडं चालणारा शब्द होता. इकडंही जग, तिकडंही जग. एवढासा. मले त्या वेळी सुचलाच नाही." ती हसली. मला हसता आलं नाही. "मी पोरीले दुसरं काही नाही शिकवलं. सगळं विसरलीस तरी चालेल म्हटलं, हे विसरू नको. जग म्हण. जग."

तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दाजी, उद्या सकाळच्या गाडीनं मी परत निघते आहे. कुसुमला घेऊन जायचं आहे. हे मी घरात विचारलं असतं तर तुम्ही चहा पुढे केला असता आणि म्हणाला असता, बघू, वेचणी झाली की. म्हणून इथं विचारते, सगळ्यांसमोर. तुम्हाला अवघड वाटतंय, ते मला दिसतंय. मला ते हवंच आहे. त्या मोठ्या खोलीत टेबलासमोर ती एकटी उभी होती, तेव्हा तिलाही अवघड वाटलं असेल. उत्तर आत्ता देऊ नका. उद्या सकाळी माझा टांगा वाट वाकडी करून फोपनारला तुमच्या दारावरून जाईल. तुम्ही तो थांबवा किंवा थांबवू नका.

मंडळी, मी फार बोलले. आता उठू या. तापीसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. आपल्याला ते जड जाणार नाही. ती बोलत होती तेव्हाही आपण शांतच होतो.

कुसुम, तू मात्र गप्प राहू नकोस. सगळे उभे राहतील, खोली शांत होईल. तुला तो खिडकीजवळचा कोपरा दिसतोय ना? तुझी आई तिथं बसायची. ती विचारते आहे असं समज. नाक वर करून.

एकच शब्द आहे. मोठ्यानं म्हण, पोरी.