पश्चिमेला भिंत नाही

...नाही, पण मला सांगा, भिंत मागितली म्हणजे मी काय गुन्हा केला? स्वतःच्या घराला, स्वतःच्या जागेत, इथे किहीमला, एक भिंत! तर तो विनेश, आमच्या निकेतचा मित्र, आर्किटेक्ट, माझ्याकडे असा बघतो, जसा काही मी दिवाणखान्यात गोठा मागितलाय. "काका, भिंत कशाला? हवा खेळली पाहिजे!"

खेळू दे बाबा. मी हो म्हटलं. का म्हटलं? तुम्हाला सांगतो, निकेत म्हणाला होता, "बाबा, मोकळं, हवेशीर घर बांधलंत तर आम्ही उलव्याचा फ्लॅट सोडून इकडेच येतो राहायला." मुलगा, सून, नात... कायमचे! त्यासाठी मी भिंतच काय, छप्परसुद्धा सोडलं असतं. आणि सोडलंच की! घराच्या मधोमध चौक, वर उघडं आभाळ. "काका, पाऊस घरात अनुभवायचा." अरे, पाऊस घराबाहेर राहावा म्हणून आम्ही जन्मभर कौलं चाळली आणि हा शिकूनसवरून त्याला आत घेतो! दारं किती? दोन. एक पुढचं, एक संडासाचं. तेही मी हट्ट धरला म्हणून. "काका, तिथेही हवा..." म्हटलं, तिथे काही खेळायला नको!

आमची कमळ, म्हणजे बायको, चौथी शिकलेली. तिने नकाशा उलटा धरला आणि विचारलं, "अवो, पच्छिमेला निस्ती जाळी? मंग पाऊस काय पनवेलवरून येनार हाय?" विनेश हसला. "काकी, समुद्राची हवा तिकडूनच येते ना!" येते ना. आणि हवेच्या मागून अख्खा समुद्र येतो, ते याला कोण सांगणार? पण नाही... हवा खेळली पाहिजे!

जुलैत खेळली. अशी खेळली, की झड थेट देव्हाऱ्यापर्यंत! गाद्या ओल्या, उशा ओल्या, मिठाच्या बरणीत पाणी, चौकात बेडूक, आणि जाळीच्या फटीतून मांजरं सरळ सुकटीच्या डब्यापाशी! शेवटी आजोबा करायचे तेच केलं. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून घेतले आणि पश्चिमेची बाजू बांधून टाकली. वर निळी ताडपत्री. तेवढ्यात विनेश आला मासिकासाठी फोटो काढायला. "काका, हे काय? दोन तास काढा ना!" म्हटलं, काढतो, तू आत उभा राहा. राहिला. दोन मिनिटांनी कॅमेरा शर्टात लपवून ओरडतोय, "काका, बांधा, बांधा!"

आणि निकेत? आला ना. ऑक्टोबरमध्ये बाडबिस्तरा घेऊन मोठ्या हौसेने आला. सूनबाई अमिषा घरभर फिरली, घाम पुसत म्हणाली, "बाबा, काय सुंदर झालंय हो! एसी कुठे लावायचा?"

एसी! अगं, एसीला भिंत नको का? आणि लावलास तरी थंड कोणाला करणार, अलिबागला? चौथ्या दिवशी परत उलवे. टेम्पो वळेपर्यंत नात हात हलवत होती. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. कमळ तर त्या चौकात नुसती बसून राहायची.

मग मीच गवंड्याला बोलावलं. विनेशला न विचारता! मागच्या अंगाला खोली काढली, दहा बाय दहा. चार भिंती, एक दार, खिडकी नाही. लावला एसी! आता दर शनिवारी येतात हो तिघं. येतात आणि त्या खोलीत शिरतात, ते रविवारी संध्याकाळी निघतात. जेवण तिकडे, चहा तिकडे. एवढ्या मोठ्या घरात हवा एकटीच खेळतेय, आणि मी आपला नातीचं तोंड दिसावं म्हणून चहाचा ट्रे घेऊन दार जरा उघडतो, तर तिघं एकदम ओरडतात, "दार लावा, दार लावा! हवा आत येतेय!"

लावतो बाबा... लावतो.