राणीची खोली

तळ्याकाठचा किल्ला पाहून झाला, आता परतीच्या होडीसाठी रांग होती. रांगेत एक म्हातारं जोडपं बोलत होतं. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या एका शिक्षिकेनं डोळे तळ्याकडे वळवले, पण कान काही वळवता येईनात.

“राजाची खोली या टोकाला, राणीची त्या टोकाला,” आजोबा म्हणाले. “पटत नसणार.”

“पटत असेल की. झोप नीट लागत असेल.”

“नवराबायकोला वेगळ्या खोल्या हव्यात कशाला?”

“अहो, मुलगी सासरी गेल्यापासून आपलीही एक रिकामीच आहे.”

“मग?”

“मी तिथं झोपावं म्हणते.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक येतात का आपल्याकडे झोपायला?”

“तिथला पंखा खडखडतो.”

“माहितीये. महिना झाला, मी तिथंच झोपतेय.”