आग्नेयेकडून काही येईना

ताई: म्हणजे अजून एक वर्ष.

भाऊ: वर्षाच्या आतही होईल. झालं तर.

ताई: दगडोबा, जमिनीची थरथर टिपणारं हे यंत्र माझ्या तळघरात ठेवलंस तेव्हा दोन वर्षं म्हणाला होतास. चौथं चाललंय.

भाऊ: माहीत आहे. फोनवर विचारायचा धीर होईना, म्हणून आलो.

ताई: बस. चहा घे. खुर्ची ओढू नकोस, उचल! बघ, आपोआप तोंडातून निघतं माझ्या. स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते मी. कपडे धुवायचं मशीनसुद्धा मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं.

भाऊ: म्हणून तर आमच्या सगळ्या यंत्रांत हे सगळ्यात शांत आहे. बाकीच्यांची दशा बघ. एक खाणीजवळ, तिथे दिवसभर सुरुंग. एकाची वायर उंदरांनी खाल्ली. एकाच्या उशापाशी नवा रस्ता झाला.

ताई: इथे शांत आहे कारण आजूबाजूचे सगळे निघून गेले. त्यात माझं कसलं कौतुक? बरं, एकदा नीट सांग. इतकी वर्षं तू सांगतोस आणि मी मान डोलावते. तू नक्की कशाची वाट बघतोयस?

भाऊ: समोरची टेकडी म्हणजे ज्वालामुखी, हे तर तुला—

ताई: ते शाळेपासून ऐकतेय.

भाऊ: पण तो इथे का, हेच कळत नाही. ज्वालामुखी बहुतेक खंडांच्या काठाला असतात. तिथे पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली जातो. आपण पडलो खंडाच्या पार मधोमध. मग इथे आग आली कुठून? कुणी म्हणतं, फार खोलवरून तापलेल्या खडकाचा झोत वर येतो. कुणी म्हणतं, कवचाचाच तळ सुटून खाली गेला आणि त्या जागी खालचं गरम वर सरकलं.

ताई: आणि तू काय म्हणतोस?

भाऊ: तरुणपणी पहिलं लिहिलं. मग दुसरं लिहिलं. दोन्ही वेळा लोकांना पटलं, म्हणून जास्त भीती वाटते.

ताई: शाब्बास!

भाऊ: तुझ्या खिडकीतला तो हिरव्या दाण्यांचा दगड आहे ना, तो लाव्ह्याबरोबर खालून आलाय. त्यावरून एवढं कळतं की लाव्हा घाईत वर आला, नाहीतर इतका जड दगड वाटेतच बुडाला असता. पण त्याच्याही खाली काय आहे, ते दगड सांगत नाही. त्यासाठी भूकंप लागतो. दूरचा आणि मोठा. त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून इथवर येते. वाटेत खडक गरम असला की तिचा वेग मंदावतो, ती उशिरा पोचते. तो उशीर मोजायचा.

ताई: मग? भूकंपांना काय तोटा आहे?

भाऊ: टेकडी तुझ्या घराच्या आग्नेयेला आहे. तिच्याखालून जाऊन ह्या तळघरात निघेल अशी लाट आग्नेयेकडूनच यायला हवी. बाकी सगळ्या दिशांच्या मिळाल्या. आग्नेयेकडून काही येईना. तिकडचे भूकंप लहान, इथवर येईतो त्यांचा जीव जातो.

ताई: म्हणजे कुणाची तरी घरं पडायची वाट बघतोयस.

भाऊ: समुद्रात झाला तरी चालतो.

ताई: तेवढी दया आहे म्हणायची.

भाऊ: रोज सकाळी बघतो. झाला नाही कळलं की हायसं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं. हल्ली वाईट आधी वाटतं.

ताई: म्हातारा झालास रे.

भाऊ: तूही झोपत नाहीस. पहाटे ह्या खोलीतून त्या खोलीत चालत असतेस.

ताई: तुला कुणी सांगितलं?

भाऊ: यंत्रात उमटतं. तुझी पावलं ओळखू येतात, डावा पाय जड पडतो.

ताई: अगं बाई! आणि काय करता त्याचं?

भाऊ: गाळून टाकतो. लाट दिसायची तर बाकीचा गोंगाट काढावा लागतो. म्हणजे... आमच्या कामातला शब्द आहे तो, ताई.

ताई: असू दे. शब्द चुकीचा नाही.

भाऊ: भाऊजींच्या आठवणीनं झोप येत नाही का?

ताई: त्यांचं दुःख जुनं झालं. झोप येत नाही ती तुझ्या भाचीमुळे. नवऱ्याचं घर सोडलंय तिनं. दोन्ही पोरांना घेऊन मैत्रिणीकडे एका खोलीत राहतेय. उन्हाळ्यापासून.

भाऊ: मग इथे का नाही आली?

ताई: मीच थांब म्हटलं.

भाऊ: तू? का?

ताई: का म्हणजे? धाकटा कधी जिना उतरत नाही, उड्या मारतो. मोठीला दोरीवरच्या उड्यांचं वेड. म्हटलं, मामाचा जन्म गेला त्या कामात, आता थोडंच राहिलंय, ते होऊ दे. मग ये. आणि आज तू म्हणतोस, आणखी एक वर्ष.

भाऊ: मला सांगायचं नाही का?

ताई: तू कधी विचारलंस? फोन उचलला की पहिला प्रश्न, "यंत्राचा हिरवा दिवा चालू आहे ना?"

(भाऊ टॉर्च घेऊन तळघराचं दार उघडतो.)

ताई: कुठे निघालास? चहा तसाच आहे.

भाऊ: बंद करतो यंत्र.

ताई: रागानं नको करूस.

भाऊ: राग नाही. दमलोय.

ताई: मुलं शाळेत जातील तेव्हा शांतच असेल की. तेवढ्यावर नाही भागत?

भाऊ: भूकंप शाळेच्या वेळा बघून होत नाही. आणि तू त्यांना दिवसभर "हळू, हळू" करशील. तू तिला फोन कर.

ताई: आत्ता?

भाऊ: आत्ताच. मला ओळखतेस ना? उद्यापर्यंत माझं मन पुन्हा बदलेल.

ताई: हॅलो, अगं मीच. सामान बांध... हो, सगळं. मामा इथेच आहे... नाही, त्यानंच सांगितलं. रडू नकोस, पोरं बघताहेत ना? उद्या या. जेवायलाच या.

भाऊ: काय म्हणाली?

ताई: काही नाही. थांब, येते खाली. दे तो टॉर्च इकडे, मी धरते. हे इथून उचलून दुसरीकडे नाही का ठेवता येत?

भाऊ: दुसरीकडे तीच लाट टेकडीला चुकवून जाते. शिवाय पुढच्या वर्षी मी निवृत्त.

ताई: मग तुझं काम?

भाऊ: नकाशा होईल. टेकडीखाली तेवढा भाग कोरा राहील.

ताई: नेमका तिथेच?

भाऊ: नेमका तिथेच.

ताई: लोक विचारतील.

भाऊ: विचारतील. सांगेन, यंत्राच्या जागी माणसं राहायला आली.

ताई: असं चालतं तुमच्या शास्त्रात?

भाऊ: नाही चालत. पाय उचल जरा, वायर तुझ्या पायाखाली आहे.