खात्रीची जागा

...आता मला बसायला बाज दिली होती की खुर्ची, हेच नक्की आठवत नाही, आणि जो माणूस एवढंही विसरतो त्याच्या बाकीच्या गोष्टीवर तुम्ही विश्वास ठेवायचा तरी कशाला? ठेवू नका! मी स्वतःही ठेवत नाही. तुम्हाला सांगतो, पिपरी मेघेतल्या माझ्या घराचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो, चौकापर्यंत जातो आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे, पण दुधात पाणी आहे हे गवळ्याला सांगायची छाती होत नाही... पण आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मला पूर्ण खात्री होती!

समीक्षा माझी शेवटची विद्यार्थिनी. तिचा विषय पाणथळ जागांचं पाणी आणि त्याखालचा काळा थर, म्हणजे पाला-मुळं वर्षानुवर्षं कुजून साचतात ना, तो. अकरा जागा मिळाल्या होत्या, कुठं गावाचं सांडपाणी, कुठं शेतातलं खत. आता बारावी अशी हवी की जिला माणसाचा हातच लागलेला नाही! तिच्याशी ताडून बाकीच्या अकरा किती बिघडल्या ते ठरणार. ती बारावी चुकली की पोरीची चार वर्षं वाया!

आंजीच्या पलीकडं एका तलावावर गेलो, भर वैशाखात. शेजारचं शेत पुंडलिकरावांचं. तलावावर दोन जागा दिसल्या. एकीकडं काठावर सात दगड, शेंदूर फासलेले, पुढं नारळाच्या करवंट्या. मी म्हटलं, बाद! शेंदूर म्हणजे शिसं, नारळ म्हणजे माणसं, बाद! आणि दुसरीकडं वळणावर एक डबकं... काय सांगू! चिखल काळाभोर, लोण्यासारखा, वास असा की डोळ्यांत पाणी यावं, आणि माणसाची खूण म्हणून नाही! काठी घातली, अख्खी आत गेली. निसर्गानं हजार वर्षं राखून ठेवलेलं! तिथल्या तिथं लाल झेंडी रोवली.

मग पुंडलिकरावांच्या अंगणात चहाला बसलो, बाजेवर की खुर्चीवर, जाऊ द्या. ते म्हणाले, “सर, एक सांगू काय जी? थ्या डबक्यात...”

“काही सांगू नका!” मी बोट वर केलं. ऐकीव माहितीनं निवड बिघडते, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलंय!

“नाई, मी काय म्हनून राह्यलो, आमी तिथं...”

“पुंडलिकराव, मातीला बोलू द्या!”

त्यांच्या मंडळी, धुरपताबाई, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “बोलू द्या नं मंग मातीले. तुमी काऊन मधात पडून राह्यले?” समीक्षा म्हणाली, “सर, ऐकून तर घेऊ...” नाही म्हणजे नाही! आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मला पूर्ण खात्री होती!

आणि आकडे आले हो... माझी कुणी न शिवलेली जागा गटाराच्या तिप्पट सडलेली! तिच्यापुढं गावची नाली म्हणजे तीर्थ! मला आठवडाभर जेवण गेलं नाही. मी म्हटलं, जागा चुकणं शक्य नाही, बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, जा, पुन्हा जा! ती बिचारी वर्षभर जात राहिली. आणि नवे आकडे आले ते इतके नितळ, की परीक्षकांनी विचारलं, “ही जागा निवडली कुणी?” मी उभा राहिलो! पोरीला पदवी मिळाली, आणि मी नऊ वर्षं सांगत फिरलो, लग्नात, तेरवीत, दाढीला साबण लावलेला असताना न्हाव्याला... आयुष्यात एकदा, फक्त एकदा!

परवा पुंडलिकरावांकडं गेलो. माझं बोट वर जायच्या आत धुरपताबाईंनी सांगून टाकलं. “थ्या डबक्यात आमी दिवाळीनंतर अंबाडीचे भारे सडवतो जी, आजसासऱ्यापासून. सडली का सालीचा वाख काहाडाचा, दोर वळाचे. घरातले समदे दोर थ्याच डबक्यातले, बैलाच्या दाव्यापासून बाजेपावतर.”

“आणि ते शेंदराचे दगड?”

“थ्या साती आसरा, पान्यातल्या देव्या. थ्या पान्यात आमचं ढोर नाई उतरत, मानूस तं सोडाच. तुमच्या पोरीनं मले इचारलं, नारळ फोडला, अन् काठावरूनच बांबूले बाटली बांधून पानी घेतलं.”

समीक्षाला फोन लावला. ती म्हणाली, “सर, मी लपवलं नाही हो. जागा का बदलली ते प्रबंधात लिहिलंय. तुम्हीच सही केलीत.”

कुलूप चारदा ओढणारा मी, न वाचता सही करेन? शक्यच नाही! प्रबंध काढला. पान एकशे बारा. सगळं लिहिलेलं, अक्षांश-रेखांशासकट. पहिल्या पानावर सही माझीच. न वाचता केलेली... खात्री होती ना!

आणि एकशे तेरावर फोटो. पुंडलिकरावांचं अंगण. त्यांचं तोंड उघडं, माझं बोट वर. भिंग आणून पाहिलं, तीनदा पाहिलं.

खुर्ची नव्हती हो. बाजच होती.