समोरच्या घरची आमटी

तुम्ही आमटीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव वर, यावरून माझं आणि धाकट्या भावाचं, दिनूचं, बोलणं बंद झालेलं. ठाकुर्लीत आमची दारं समोरासमोर, पण मी तिकडे बघायचोसुद्धा नाही.

त्यात एक मुलगी कुटुंबांच्या पाहणीला आली. कामधंदा, कमाई, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "काका, तुमचं आणि समोरच्या भावाचं जेवण एकाच चुलीवर होतं ना?"

"म्हणजे काय! आमचं आम्ही, त्यांचं ते."

आतून बायको म्हणाली, "अगं, खरं ते लिही. भात-पोळ्या माझ्याकडे, आमटी-भाजी समोर धाकट्या जावेकडे. भांडण भावांचं, आम्ही गॅस दोनदा का जाळायचा?"

म्हणजे इतके महिने मी जिची तारीफ करत होतो, ती आमटी दिनूच्या घरची!

मुलगी म्हणाली, "चूल एक, म्हणजे कुटुंबही एकच धरतो आम्ही. मग कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

झालं! पुन्हा पाटीचंच भांडण. तेवढ्यात समोरच्या उघड्या दारातून दिनू ओरडला, "दादाच लिहा हो ताई! पण आमटी आमची आहे, तेवढं खाली लिहा."