तिरप्या दोराची तान

आमी मुळचे मुर्रीचे. बाप दुसऱ्याची धानाची बांधी करे, तिच्यात तीन भावायचं पोट काई भरे नाई, म्हनून मी रेलच्या कामावर गेलो. बाघ नदीवर पूल बांधनं सुरू होतं. तिथं मले खलाशी केलं. खलाशी म्हंजे काय सांगू तुमाले, जड लोखंड दोरानं उचलाचं अन् जिथं पायजे तिथं बसवाचं, एवढंच काम, पन दोर तुटला तं मानूस जाते.

तिथं कामावर देखरेख करनारे एक ओवरशेर बाबू होते, नागपूरकडले, कमी बोलनारे. एकडाव मी त्यायले विचारलं, बाबू, वजन तं तेवढंच राहते, मंग तोच दोर एकदा टिकते अन् एकदा तुटते, हे काऊन? त्यायनं धानाचं पोतं आनाले लावलं, मधात दोर बांधला, एका टोकाले मी, एका टोकाले दुसरा खलाशी. जवळजवळ उभं राहून उचललं तं सोपं गेलं. दूर सरका म्हने. सरकलो तं हात तुटाले आले. आता दोर काठीसारखा सरळ करा म्हने. दोहीकडून चार चार जन लागलो, रेतीत पाय रुतले, पन मधातला झोल काई गेला नाई. मंग त्यायनं रेतीत काडीनं रेघा ओढल्या. ही उभी रेघ वजनाची, हे बदलत नाई. ह्या दोन तिरप्या, दोराच्या. दोघी मिळून वजन वर धरतेत. दोर जितका आडवा, तितकी त्याची रेघ लांब काढा लागते, तवा कुठं ते वजनाएवढी उंच जाते. ते लांबी म्हंजे दोराची तान. आकडे मले समजले नाई, रेघा समजल्या.

मंग मी माया साळ्याले कामावर आनलं, फागूले. माया बायकोचा एकुलता भाऊ. तिनं सांगून धाडलं होतं, त्याच्यावर नजर ठेवजा.

पावसाळा जवळ आला अन् ठेकेदाराले घाई झाली. दोर बांधाले उंच खांब येवाचे होते, ते आलेच नाई. बाबू म्हने, थांबा, खांब ठेंगने आहेत, गर्डर वर जाईन तसे दोर आडवे होतीन. ठेकेदार म्हने, पूर आला तं त्याले तुमी थांबवान का? लागलो कामाले. दोहीकडं खांब, दोहीकडून तारेचे दोर, मधात गर्डर, पुलाचं लांब लोखंड, लटकून राहिलेला. एकीकडच्या दोर गुंडाळाच्या चरखीवर मी, दुसरीकडं मुकादम. गर्डर बसाचा होता गुडघ्याएवढ्या उंच दोन मोठ्या दगडायवर, अन् त्या दगडायच्या मधात फागू उतरला होता, दगड नीट करत होता. एक दगड सरकला, त्याचा पाय दबला. तेवढ्यात मायाकडच्या दोराची एक तार तुटली, टिचकन. मंग दुसरी.

सारे म्हनाले लागले, ओढा, वर घ्या, खाली मानूस आहे. बाबूचा आवाज चढला नाई. म्हने, ढील द्या, दोहीकडून सारखी, खाली येऊ द्या. मुकादमाचे हात थांबले. जित्या मानसावर लोखंड कोन सोडन? सारे मायाकडं पाहून राहिले, काऊनकी खाली माया साळा होता.

वर ओढलं तं दोर अजून आडवा होईन अन् तुटन, हे मी माया हातानं समजून घेतलं होतं. मी म्हनलो, फागू, दगडायच्या मधात आडवा हो, हालू नोको. अन् चरखी सोडाले लागलो. मुकादमानंही सोडली. फागू आडवा झाला अन् माया तोंडाकडं पाहत राहिला. गर्डर खाली येई तसतसे दोर उभे होत गेले, चरखीचा दांडा माया हाताले हलका लागाले लागला. तिसरी तार तुटली नाई. गर्डर दोन्ही दगडायवर टेकला. फागूच्या नाकात अन् लोखंडात वीतभर जागा. पहार लावून दगड सरकवला, ओढून काढलं त्याले.

पाय राहिला, पन लंगडा झाला. अन् तो मायासंगं बोलेना. बहिनीले जाऊन म्हने, भाऊजीनं मायावर लोखंड सोडलं. खालून त्याले तेवढंच दिसलं होतं ना. बायको मले काई म्हने नाई, फक्त जेवन वाढून उठून जाय. मी त्याले समजवाले गेलो, अंगनात रेघा काढल्या, त्यानं पायानं पुसून टाकल्या. मंग मीही सोडून देल्लं.

गंज वर्सं गेली. त्यानं नागऱ्याले घर बांधलं. आड्याचं लाकूड चढवाचं होतं, सागाचं, जड. निरोप आला, दोर भाऊजी धरतीन. मी गेलो, दोर धरला. तो लंगडत आला अन् लाकडाच्या बरोबर खाली उभा राहिला. लोक म्हनत, बाजूले हो. तो म्हने, दोर भाऊजीच्या हाती आहे, तुमी उचला.

वापस येतानी बायको रस्ताभर मायासंगं बोलत राहिली.

आता ती नाई. बाबू कुठं असतीन, माहीत नाई. पुलावरून गाडी जाते. माया हातात आता लोटा धराएवढाच जोर आहे, त्याचं वाईट वाटत नाई. दोर धरनाऱ्या साऱ्या पोरायले देव सुखी ठेवो, अन् त्यायच्या खाली उभं राहनाऱ्यायलेही. ते पाहा, फागू येऊन राहिला. थांबा, त्याले खाट टाकून देतो.